बोल्ट मी तोडला नाही

मी सायवनचा, डोंगराकडचा, बाप भात-नाचणी करायचा, दर्याशी आमचं काही नातं नाही, पण डहाणूत गॅरेजात पाना धरायला शिकलो आणि मग बोटींची कामं करत बंदरावरच पंधरा वर्षं काढली. काय सांगू तुम्हाला, नाव होतं माझं. ते नाव एका माणसानं खाल्लं.

नरपडचे एक बोटवाले शेठ. नोटा बंद झाल्या त्याच्या आधीच्या पावसातली गोष्ट. जाळं ओढायच्या विंचचा पुढचा बोल्ट डेकवर तुटला. तुटणारच ना! दर नारळी पुनवेला नारळ फोडायचा तो त्याच बोल्टाच्या डोक्यावर, वर हळदकुंकू, आणि त्याला पाना लावायचा नाही, ग्रीस लावायचं नाही, का तर तिथं देव बसतो. मी दोन वर्षं सांगत होतो, शेठ, खारं पाणी देव बघत नाही. तर बोलला, तू डोंगरातला, तुला दर्याचं काय कळतं.

पुनव परवावर आलेली, पुनव झाली की बोटी दर्यात. तुटका तुकडा डेकच्या लाकडातनं बोटभर वर होता, पान्याला पकड मिळाली असती. मी डिझेल सोडलं, बोललो, उद्यापर्यंत हात लावू नका, गंज पिऊ दे. सकाळी जातो तर शेठच्या भावानं हातोडा घातलेला, बोल्ट लाकडाच्या बरोबरीनं तुटला, पकडायला काहीच नाही. आणि भाऊ माझ्या तोंडावर सगळ्यांना सांगतो, मिस्त्रीनं तोडला. शेठला खरं ठाऊक होतं, ठाऊक! तरी मान खाली घालून बिडी ओढत बसला.

मला असा राग आला की पेटी उचलून निघणार होतो. पण खलाशी बिचारे उभे. मग बाजूला ओली पोती अंथरली, त्या थोटकावर नट ठेवून वेल्डिंग मारलं, थंड होऊ दिलं, आणि पाव आटा पुढं, पाव आटा मागं, असं दुपारपर्यंत करून काढला भडव्याला.

संध्याकाळी बंदरावर बातमी, मिस्त्रीनं तोडला, भावानं काढला. मग मला कोण बोलावणार? दिवाळीपर्यंत वाट बघितली. मग तलासरीला आलो, आता ट्रॅक्टर, पंप, जे येईल ते.

गेल्या वर्षी शेठचा फोन, मिस्त्री, विंच अडकलाय, या ना. मी बोललो, येतो, पण बंदरावर चार माणसांत सांग, तो बोल्ट कोणी तोडला. मग बोलतो, जुनं कशाला उकरायचं.

फोन ठेवला मी. खलाशांना दर्या सुखरूप घरी आणो, त्यांची बायकापोरं आहेत, हे मी मनापासून बोलतो. शेठला मात्र माझा पाना नाही.