होडीतला पदर

आमचा बायकांचा होडी क्लब पहिल्याच दिवशी बुडायचा होता, ठाऊक हाय का? चहा घे, सांगते.

वल्हवताना आपलं तोंड सोडलेल्या काठाकडं असतं. आन् बेंबळीजवळच्या तलावावर नेमके त्याच काठाला आमचे सगळे सासरे उभे! सासऱ्यापुढं डोईवरचा पदर ढळून कसं चालंल? पदर सावरायला जिनं तिनं वल्हं सोडलं आन् होडी जागेवरच गरागरा फिरली.

"झाली हौस, चला घरी," माझे सासरे हसत म्हणले.

क्लब काढणाऱ्या शमीम आपा लई हुशार. होडीतूनच म्हणल्या, "मंडळी, तुम्ही पलीकडच्या काठाला जावा. मंग पोरींची पाठ तुमच्याकडं, पदराचा सवालच न्हाय."

पटलं की त्यांना! तलावाला वळसा घालून सगळे निघाले. आमी पदर कमरेला खोचले आन् जोर लावला. ते धापा टाकत आले, तवा आमी कवाच्याच पोचलेलो.

आपा म्हणल्या, "आता परत निघतो. पुन्हा तोंडं तुमच्याकडंच. चला, जावा माघारी तिकडं."

माझे सासरे मटकन् दगडावर बसले.

"पदर राहू द्या गं पोरींनो," म्हणले, "माझ्यात दुसऱ्या फेऱ्याचा दम न्हाय."