काटा उभा राहीपर्यंत

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, म्हणजे माझ्या सुनेचे साहेब. व्यासपीठावर बसलेले सन्माननीय पाहुणे. प्रयोगशाळेत पाणी तपासणाऱ्या सगळ्या बायाबाप्यांनो. मागे दाराशी उभं राहून चहाची वाट बघणाऱ्या मंडळींनो. आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या घरच्यांनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार. मानानं आधी कुणाला म्हणायचं आणि मागून कुणाला, यात गडबड झाली असेल तर घरी जाताना मनातल्या मनात लावून घ्या.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. नातीनं कागदावर लिहूनही दिले होते. "कर्तव्यदक्ष", "सेवापूर्ती", असं काय काय. अक्षर फार सुरेख आहे तिचं. पण मी चौथीपर्यंत शिकलेली, जोडाक्षर आलं की माझी गाडी तिथंच बंद पडते. म्हणून कागद पर्समध्ये ठेवलाय. ज्याला हवा त्यानं वाचावा. त्यात माझ्या सुनेचं कौतुक आहे आणि ते सगळं खरं आहे.

मी दुसऱ्याच गाडीबद्दल बोलायला उभी राहिलेय. साहेब हसताहेत. त्यांना ठाऊक आहे कुठली ते.

फाटकाशी झाडाखाली ती राखाडी गाडी उभी असते, तुम्ही सगळे रोज बघता. चार दारांची, दिसायला साधी, जर्मन बनावटीची, आता पार जुनी झालेली. माझी सून इतकी वर्षं त्याच गाडीनं कामावर आली. आज तिची नोकरी संपली. मुलगा म्हणतो, आता एवढी जुनी गाडी कशाला सांभाळायची, विजेवरची छोटीशी घेऊ. साहेबांना तर ही गाडी कधीपासून आवडलेली. तेव्हा ती साहेबांना द्यायची, असं मंडळींचं ठरलं. अडलंय ते एका सहीपाशी. गाडी माझ्या नावावर आहे, माझ्या ह्यांनी जाण्याआधी तशी करून ठेवली. परवा मुलानं सहीचा कागद पुढं केला, तेव्हा मी म्हटलं, "समारंभात मला बोलायला देणार आहेत ना? तिथंच सांगते." त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. आता बघा कसा बसलाय, घाम पुसत.

तर आधी गाडी घरात आली कशी ते सांगते, थोडक्यात. माझं थोडक्यात म्हणजे काय ते सूनबाईला विचारा.

ह्यांचा छापखाना होता. एक दिवस जेवताना म्हणाले, "जर्मन गाडी बघून आलोय." मला बाई जर्मन म्हटलं की पातेलीच आठवायची, ती ॲल्युमिनियमची, हलकी, चेपणारी, पांढरी. मी म्हटलं, "अहो, धक्का लागला तर चेपेल की!" हे इतके हसले की ठसका लागला. एका डॉक्टरांनी वापरलेली ती गाडी घरी आली, तेव्हा मी तिच्या दारावर टिचकी मारून बघितली. चेपणारी नव्हती. दार लावलं की आवाज यायचा तोही जाड, जडशीळ, तिजोरी लावल्यासारखा.

आतून मात्र ती निराळीच होती. ह्यांच्या भाषेत सांगायचं तर सभ्य कपडे घातलेला पैलवान. आणि त्या पैलवानाचा एक नियम होता. समोर इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी आहे, तिच्या पोटात खाली एक बारका काटा आहे. इंजिनातलं तेल किती तापलं ते तो सांगतो. गाडी थंड असली की तो डावीकडे आडवा झोपलेला. तेल तापत गेलं की हळूहळू उठतो आणि शेवटी मधोमध ताठ उभा राहतो. तो उभा राहीपर्यंत गाडी दामटायची नाही. गल्लीबोळातून, बाजारावरून, शाळेवरून हळूहळू न्यायची. तेल थंड असताना पळवली की आतून झिजते म्हणे. हे म्हणायचे, "झोपेतून उठवल्या उठवल्या कुणाला धावायला लावतेस का तू?" छापखान्यातही त्यांचं तेच. सकाळी मशीन आधी हळूहळू रिकामं फिरवायचं, मग कागद लावायचा.

आता यातून घरात एक रीत पडली. गाडी हळू चाललेली असायची तोवर ज्याला जे बोलायचं ते बोलून घ्यायचं. अभ्यास, भांडणं, रुसवे, सगळं. आणि काटा उभा राहिला की हे समोरच्या फळीवर बोटानं दोनदा ठकठक करायचे आणि म्हणायचे, "चला, आता गप्प." मग कुणी बोलायचं नाही. खिडक्या खाली करायच्या आणि इंजिन ऐकायचं. गाणंबिणं नाही. शेजारीण मला म्हणायची, "तुमच्याकडे सगळंच उलटं." होतंच.

ही रीत नव्या सुनेला सांगायला हवी होती ना? ती कुणी सांगितलीच नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितली असेल. लग्नानंतर पहिल्यांदा ती आमच्याबरोबर गाडीत बसली. याच प्रयोगशाळेत नुकती लागली होती. मोठ्या उत्साहानं सांगत होती की पाण्याचा नमुना कसा घ्यायचा, बाटलीचं तोंड आतून शिवायचं कसं नाही. रंगात आली होती अगदी. आणि हे ठकठक करून म्हणाले, "चला, आता गप्प."

पोरगी एकदम मिटली. घरी आल्यावरही पुढं किती दिवस "हो" आणि "नाही" याच्या पलीकडे शब्द नाही. सासऱ्यानं सगळ्यांदेखत तोंड बंद केलं, असंच तिला वाटलेलं! ह्यांच्या तर ध्यानीमनीही नाही. मला विचारतात, "ही मुलगी मुळातच अबोल आहे का गं?"

शेवटी मुलानं बायकोला काट्याची गोष्ट सांगितली. त्यावर ती काय म्हणाली असेल? रडली नाही, माफीही मागितली नाही. सरळ ह्यांच्यापुढं येऊन म्हणाली, "बाबा, मला ही गाडी शिकवा." शिकली. क्लच इतका जड की माझा मुलगा आजही त्याला घाबरतो. तो गाडी चालवतो म्हणजे कसं, दुसऱ्याचं बाळ कडेवर घेतल्यासारखं. ही मात्र महिन्याभरात तयार. आणि एक दिवस आम्हा सगळ्यांना घेऊन निघाली. हे शेजारी बसून छापखान्यातल्या कामगारांचं काहीतरी लांबलचक सांगत होते. काटा उभा राहिला. हिनं बोटानं ठकठक केलं. "बाबा, आता गप्प."

ह्यांनी मुकाट्यानं खिडकी खाली केली. त्या दिवसापासून गाडी तिची झाली. नावावर कुणाच्याही असू दे.

चहा येतोय, मला दिसतंय. येऊ द्या, मी त्याच्या आड येत नाही. पण नमुने गोळा करणारे भाऊ खिडकीशी बसलेत आणि मघापासून हसू दाबताहेत, त्यांची गोष्ट राहिली.

एकदा गावाबाहेरच्या टाकीची नळी फुटली. पाणी गढूळ येतंय म्हणून लोक ओरडायला लागले. नमुने बर्फात ठेवून लगेच इथं पोचवायचे होते आणि ऑफिसची गाडी नेमकी बंद. सून मला चष्म्याच्या दुकानात सोडायला निघाली होती, ती तशीच तिकडं वळली. टाकीशी पोचलो तर बाटल्या भरायला आणि कुलपाची किल्ली शोधायला इतका वेळ गेला, की आमची गाडी पुन्हा थंडगार. हे भाऊ पुढं बसले, मी मागं, मांडीवर बर्फाचा डबा. सून आपली हळूहळू चाललीय.

भाऊ म्हणाले, "मॅडम, पळवा की! बर्फ वितळतोय!"

"काटा," सून म्हणाली.

"कसला काटा?"

"बर्फ दुसरा मिळेल. इंजिन नाही मिळायचं."

भाऊंनी माझ्याकडं वळून बघितलं, आजी काही बोलतील म्हणून. मी कशाला बोलतेय? मी त्या घरची.

आणि मग काटा उभा राहिला. सुनेनं खालचा गिअर टाकला. आता हे कसं सांगावं? तोवर कुणीतरी आत बसून गुणगुणत होतं, ते उठून मोकळ्या गळ्यानं गायला लागलं. माझी पाठ सीटला चिकटली. बाटल्या किणकिणल्या. बाजूचे ट्रक उभे केल्यासारखे मागं जायला लागले. वळण आलं, मी म्हटलं संपलं आता, तर गाडी रुळावर असल्यासारखी त्यातून निघाली, झुकलीसुद्धा नाही. भाऊंनी वरची कडी दोन्ही हातांनी धरलेली. आणि मी, काय सांगू, हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"आई, बऱ्या आहात ना?" सून म्हणाली.

"गप्प," मी म्हटलं.

नमुने वेळेवर पोचले. पाणी खराब निघालं आणि त्याच दिवशी टाकी बंद झाली. तुम्हाला वाटत असेल गाडीनं काम केलं. गाडी काय, नेली तशी जाते. कधी थांबायचं आणि कधी सोडायची, हे ज्याला कळतं त्याचं ते काम. माझी सून इथं पाणीही तसंच तपासत आली. घाई कुणाचीही असो, बाटलीला जेवढा वेळ लागतो तेवढा ती देणार म्हणजे देणार. झालं बघा, नातीच्या कागदातलं कौतुकही यात येऊन गेलं.

आता अध्यक्षसाहेब, तुमच्याकडे वळते. तुमचा स्वभाव फार चांगला. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही सुनेला रजा दिलीत, एक प्रश्न न विचारता. ते मी विसरणारी बाई नव्हे. पण मागच्या आठवड्यात तुम्ही गाडी चालवून बघायला आलात, तेव्हा मी मागं बसले होते. मला कुणी उतरा म्हणालं नाही, म्हणून बसून राहिले. थंडीची सकाळ होती, गाडी रात्रभर उभी होती. तुम्ही फाटकाबाहेर काढलीत आणि थेट पुलावर घातलीत, पाय पार खाली दाबून. साहेब, काटा झोपलेला होता. पार आडवा.

सुनेनं मांडीवरची पर्स घट्ट धरली. पण बोलली नाही. जी पोरगी ह्यांना गप्प म्हणाली, ती तुमच्यापुढं गप्प बसली, कारण तुम्ही तिचे साहेब. मला तेवढंच खटकलं. मग मी विचार केला, समारंभ होऊ दे. समारंभ झाला की ते तिचे साहेब नाहीत, आणि माझे तर ते कधीच नव्हते.

तेव्हा माझी सही काही मिळणार नाही. रागावू नका. सूनबाई, तूही डोळे मोठे करू नकोस.

मुलाला विजेवरची घ्यायचीय, त्यानं खुशाल घ्यावी. मीही दुकानात जाऊन तिच्यात बसून आले. छान आहे. बटण दाबलं की निघाली, आवाज नाही, वास नाही. मी विचारलं, "हिचा काटा कुठाय?" विकणारा मुलगा म्हणाला, "आजी, हिला तापायची गरजच नाही."

मग आम्ही दोघींनी बोलायचं कधी?

हसू नका, खरं विचारतेय. घरात आम्ही एकमेकींशी चांगल्या वागतो. चांगलं वागणं निराळं आणि बोलणं निराळं. मला कानानं कमी ऐकू येतं, हे मी पहिल्यांदा तिला त्या गाडीत सांगितलं, बाजारावरून जाताना. "आई, आम्ही वेगळं घर बघतोय," हे तिनं मला तिथंच सांगितलं. मी चिडले, तीही चिडली, आणि जिभेवर अगदी नको तो शब्द आला होता, तेवढ्यात काटा उभा राहिला. दोघी गप्प. खिडक्या खाली. दुसऱ्या दिवशी गाडी थंड झालेली, पुन्हा थोडं बोललो. असं हप्त्याहप्त्यानं आमचं भांडण मिटलं. वेगळं घर घेतलं नाही, पण घेतलं असतं तरी चाललं असतं, इथवर आम्ही आलो होतो.

परवा ती मला म्हणाली, "आई, आता ऑफिस नाही. रोज उठून जायचं कुठं?" तेव्हा मी काही बोलले नाही, स्वयंपाकघरात होतो आम्ही. आता सांगते. आधी गाडी सुरू कर. कुठं जायचं ते काटा उभा राहीपर्यंत ठरवू.

आणि साहेब, तुम्ही एका रविवारी या. पुढं नाही, मागं, माझ्या शेजारी बसा. खुर्चीवरच्या माणसाला सगळे सांगत असतात, त्याचं ऐकायला कुणी नसतं. बाजारावरून, शाळेवरून जाईस्तोवर जे सांगायचं ते सांगा. मग काटा उभा राहील, सूनबाई ठकठक करील, आणि ही गाडी काय आहे ते तुम्हाला तेव्हा कळेल.

मला बोलू दिलंत, मध्ये कुणी चिठ्ठी पाठवली नाही, याबद्दल आयोजकांचे आणि अध्यक्षांचे मनापासून आभार. माझ्या सुनेला इतकी वर्षं सांभाळून घेतलंत, तिनंही तुम्हाला घेतलं असणार, म्हणून दोन्हीकडचे आभार. कुणाला काही लागलं असेल, मानपान चुकला असेल, तर म्हातारीचं बोलणं म्हणून पोटात घाला.

सूनबाईचा चेहरा मला इथून दिसतोय. घरी जाताना माझी चांगलीच खरडपट्टी निघणार. निघू दे. गाडी सकाळपासून झाडाखाली उभी आहे, पार थंड झाली असेल. तिला बोलायला भरपूर वेळ मिळेल.