गालाला लावलेली नळी

हॅलो?… हां ताई, बोल. लॅबमध्येच आहे… मिळाली आईची वही?… किराण्याची यादी. बरं. माश्यांच्या खाण्याचं काहीच नाही?… गादीखाली बघितलंस?…

नाही गं, चिडत नाही. तीस वर्षं तिनं या लॅबच्या फळमाश्यांना रांधून घातलं, आणि एक ओळ लिहून ठेवली नाही…

करतात ना आईच्या जागी आलेल्या नव्या बाई. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, सगळं मोजूनमापून. तरी माश्या ठेवतो त्या काचेच्या नळ्यांत पाणी सुटतं, माश्या चिकटून मरतात… बाकीच्या तगतात. माझ्या विसरभोळ्या नाही तगत…

हो, त्याच. एक जनुक बिघडलेलं, म्हणून अळीच्या मेंदूत आठवणीचा भाग नीट घडतच नाही. वास ओळखायला शिकतात, तासाभरात विसरतात… भाऊजींसारख्या, हो. आईही तेच म्हणायची… हसू नकोस, एकवीस उरल्यात. या गेल्या की वाण गेला. दुसरीकडे कुठेच नाही…

काय?… गालाला?… खाणं ओतलं की नळी गालाला लावून बघायची? तू कधी बघितलंस?… सुट्टीत. आणि मी कुठे होते?… टेबलाखाली. मला नाही आठवत…

थांब, थांब. गार लागली की मगच कापसाचा बोळा? तोवर वर नुसतं फडकं?… अगं, या बाई गरम असतानाच बोळा बसवतात. वाफ आत कोंडते. तेच ते पाणी…

हो, सांगते त्यांना. पण ते उद्या तयार होणार. माश्यांना आज हवंय…

आहेत. आईच्या हातच्या चार नळ्या फ्रीजमध्ये आहेत… ती गेली त्याच्या आदल्या दिवशीच्या. तारीख तिच्याच अक्षरात… नाही वापरल्या… हो, माश्या मरत होत्या तेव्हाही… का ते नाही सांगता येत.

ताई, ऐक ना… हो… कळतंय. ठेवायला नाही केल्या तिनं.

काढल्यात… चारही. लगेच नाही चालत, फार गार आहेत… हो, लावलीये गालाला… अजून गारच आहे.

फोन ठेवू नकोस. काय होतं त्या यादीत?… साबण… हं… सुई-दोरा… बटाटे, दोनदा लिहिलेत?…

हं. आता नाही लागत गार… ठेवते ताई. माश्या सोडायला दोन्ही हात लागतात.