शिपायाचं सोंग

चौथीच्या पोरांच्या नाटकाची तालीम घेऊन थकलेले दामूमास्तर पलूसच्या पोस्टाच्या भिंतीला टेकून उभे होते. लढाईवरच्या पत्रांसाठी पुढं बसलेल्या दोघींना ते दिसले नाहीत.

"अंबूबाई, तुझ्या जोत्याला कंचं सोंग दिलंय गं?"

"शिपायाचं. गोळी लागून पडतोय."

"आन् गाणं?"

"ते दुसरी पोरं म्हणत्यात. ह्यानं निस्तं पडून ऱ्हायाचं."

"धन्याचं पत्र?"

"दिवाळीपास्नं न्हाई. आन् ह्यो रोज उंबऱ्यात पडून दावतोय. मास्तरांनी सांगितलंय म्हणं, अजाबात हलायचं न्हाई."

"मास्तरास्नी सांग की, दुसरं सोंग द्या."

"आदी पोरालाच म्हनलं."

"मग?"

"म्हनला, रडू नगंस आये, पडदा पडला की उठतोय न्हवं मी!"