चार दिवसांचा ऊस

—हात गेला त्याचा, पाव्हणं, एवढंच सांगतो. तुमच्या कळंबच्या गुऱ्हाळाला गुळव्या पायजे, तर दुसरा बघा. गोकुळची रसाची तीन आदणं लागोपाठ बसली न्हाईत— साच्यात ओतलं, सकाळी बघतो तर ढेप न्हाय, नुसती काकवी. मळी काढाय भेंडी घातली, चुना घातला, मग काहिलीपाशीच रडत बसला. तीस वर्सं गूळ करणारा माणूस. मी म्हणलं, गोकुळराव, उठा, आता चुलवाणात चिपाडं सारा. तो काय, सारतोय. चरकाच्या इंजनाच्या आवाजात त्याला ऐकू येत न्हाय, बोला खुशाल.

ऊस? ऊस चांगला हुता. ताजा म्हणजे— तोडून चार दिवस झालं हुतं. उन्हात पडला हुता. माझी नात प्रतिक्षा बारामतीला कॉलेजात हाय, ती म्हणती, आबा, उसात विकर असतंय, एन्झाइम म्हणत्यात त्याला. ऊस तोडून पडला की ते एका साखरेच्या दोन साखरा करतंय. गोड दोन्ही, पण ढेप बसू देत न्हाईत. रस उकळला की विकर मरतंय, पण तवर त्याचं काम झालेलं. आन साखर फोडतंय, सवता मातूर झिजत न्हाय. ते मला आवडलं.

मला काय शिकवती? आमचा बा अंगठेबहाद्दर, त्यो बी सांगायचा— आज तोड, उद्या चरकात. ठावं न्हवतं असं न्हाय. गोकुळला म्या सांगितलं, कालचाच हाय. बुडखं नव्यानं छाटून घेतलं, वर पाणी मारलं. त्यो काहिलीवरचा माणूस, मोळी कशाला बघतोय? का म्हणजे? पार इंदापूरचं गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, गोकुळचा गूळ द्या. काहील माझी, चरक माझा, आन गूळ गोकुळचा? आता कोण म्हणत न्हाय.

काय बघताय तिकडं? त्याला सांगणार? सांगा की. परवा प्रतिक्षानं सांगितलं, तोंडावर— काका, हात तुमचा चांगलाच हाय, ऊस शिळा हुता. तर म्हणला, न्हाय पोरी, आबा माझ्याशी खोटं बोलायचं न्हाईत.

तुमी तर परकं. तुमचं ऐकंल?

च्या झाला असला तर निघा. गोकुळ! ए गोकुळ! जाळ बसला बघ.