निगेटिव्ह म्हणजे नाही

काका : रिपोर्ट मोठ्यानं वाच. क्रॉनिक लिहिलंय ना? झालं मग, आवरा.

पुतणी : काका, क्रॉनिक म्हणजे जुनाट. बरेच दिवस रेंगाळलेलं. त्याचा अर्थ गंभीर असा नाही. एकाएकी उद्भवलं की ॲक्यूट. साधी सर्दीसुद्धा ॲक्यूट असते.

काका : आणि ते गॅस्ट्रा... काय?

पुतणी : गॅस्ट्रायटिस. शेवटी 'आयटिस' आलं की समजायचं, दाह. जठराच्या आतल्या अस्तराला सूज आहे तुमच्या. गुडघेदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी खाता ना, त्यांची मेहेरबानी.

काका : मग तुकडा कशाला काढला? बायोप्सी म्हणजे कॅन्सरच, शेजारचे सांगत होते.

पुतणी : शेजारच्यांना काय जातंय सांगायला! तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, एवढंच. नुसती तपासणी. वीस वर्षं लॅबमध्ये तेच करतेय मी. आणि हे बघा, कॅन्सरपुढे लिहिलंय, निगेटिव्ह.

काका : (हसत) निगेटिव्ह! आणि तेही तुझ्याच तोंडून!

पुतणी : नका हो आठवण काढू. सहावीत होते मी.

काका : दोन महिने खोकत होता तुझा बाप. थुंकी तपासायला दिलेली.

पुतणी : टीबीच्या धास्तीनं घरात कुणी नीट जेवत नव्हतं. रिपोर्ट आला, तर इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. बाईंनी त्याच आठवड्यात शिकवलेलं, निगेटिव्ह म्हणजे नकारार्थी. मी ऐटीत सांगितलं, "बाबा, डॉक्टर नाही म्हणतायत." आई मटकन खालीच बसली. बाबांनी चपला घातल्या आणि तडक तुमच्याकडे.

काका : सात वर्षांनी.

पुतणी : भांडण नक्की कशावरून होतं? आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

काका : आमची आई गेली तेव्हा हा उशिरा पोचला. गाडी चुकली होती त्याची. मला काय ठाऊक! मी दारातच, चार लोकांसमोर म्हटलं, "आता सवड झाली का?" तो आल्या पावली गेला.

पुतणी : आणि त्या संध्याकाळी दोघं मिळून घरी आलात. तुम्ही आईला म्हणालात, दवाखान्यात विचारून आलोय, सगळं चांगलं आहे. मी पांघरुणात तोंड खुपसून रडत होते. पण एक समाधान होतं. मी चुकले म्हणून तुम्ही बोलायला लागलात.

काका : चिमणे, मी दवाखान्यात गेलोच नव्हतो.

पुतणी : म्हणजे?

काका : दवाखाना माझ्या दुकानाच्या वाटेवर. तुझा बाप आधीच आत डोकावून आलेला. कंपाउंडरनं सांगितलं, निगेटिव्ह म्हणजे टीबीचे जंतू सापडले नाहीत, घरी जा निवांत.

पुतणी : तुमच्याकडे आले तेव्हा बाबांना माहीत होतं?

काका : होतं तर! मी डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात डोकं घातलेलं. कानावर आलं, "दादा." वर बघायचा धीर होईना. म्हणाला, "पोरीनं उलटं वाचलं. मी ठणठणीत आहे."

पुतणी : मग घरी का नाही परतले? आई तिकडे...

काका : मीही तेच म्हटलं, बायको रडत असेल, पळ. तर म्हणाला, "तू पण चल. आज एकटा गेलो तर पुन्हा यायचं धाडस नाही व्हायचं."

पुतणी : बाबा वारले तोपर्यंत यातलं एका शब्दानं बोलले नाहीत हो मला.

काका : तुला आपल्या चुकीचं कौतुक वाटायचं ना! त्याला ते मोडायचं नव्हतं.

पुतणी : आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणालात त्यांना?

काका : काय म्हणणार? माझ्या स्टुलावर त्याला बसवलं, आणि गिऱ्हाईक उभं राहतं तिथं जाऊन मी उभा राहिलो.