चार वाजता रेकॉर्डवाला येतोय

—अगं ती रेकॉर्ड नको, ती वरच राहू दे, ती शेवटी भरू. आणि बस ना, उभी काय राहिलीस पाहुण्यासारखी? लग्नाला तीन महिने झाले, अजून खुर्चीच्या कडेवर बसतेस — अख्खी खुर्ची तुझीच आहे, सूनबाई! खोलीही तुझीच, चार वाजल्यापासून. रेकॉर्डवाला आला, सगळ्या विकत घेतल्या, की ही खोकी जातील, मग तू टेबल मांड, दार लाव, भाषांतरं कर शांतपणे. सासूबाईंनी नाही, मीच ठरवलं हे. किती दिवस पलंगावर बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करशील? माझं काय, मी बाल्कनीत बसेन. कपडे वाळतात तिथं, मीही वाळेन.

भरण्याआधी एकेक लावून बघतोय — चालते की नाही ते, दुसरं काही नाही. ही रॉकवाली. चार पोरं, गळा एकालाही नाही, पण तो ड्रमवाला ऐक — आला? नाही आला. आत्ता आला! दरवेळी किंचित उशिरा येतो लेकाचा. मी अडतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, मला विचार — मजल्याला लागण्याआधी लिफ्ट क्षणभर तरंगते ना, पोटात गोळा येतो, तस्सं. तुझा नवरा म्हणेल, गोंगाट आहे. त्याला टाळ्यासुद्धा ठेक्यात वाजवता येत नाहीत. माहीत होतं ना? तरी केलंस लग्न! धाडसी आहेस.

आणि ही सोल गाणारी बाई — सोल म्हणजे ते अमेरिकेतलं, काळीज ओतून गायचं गाणं — हिची तर गंमतच. पहिल्यांदा लावली तर मागून घरघर. म्हटलं, मोटर गेली. तीनदा प्लेअर खोलला, तेल घातलं, पट्टा बदलला, घरघर आपली आहेच. चौथ्या वेळी कळलं, तो बाईचा श्वास होता! गाण्याआधी छातीत भरून घेते तो. हस, हस. तुझ्या सासूबाई आठवडाभर हसत होत्या. मला वेळच वेळ होता तेव्हा, प्लेअर खोलायला... का म्हणजे? निलंबित होतो मी. एक लिफ्ट अडकली, आत पाच माणसं, तीन तास. सुखरूप निघाली सगळी. पण आदल्या दिवशी तपासणी मी केलेली, खाली सही माझी. घरी सांगितलं, दुपारची पाळी लागलीय. रोज डबा घेऊन निघायचो, बागेत बसून खायचो, परत यायचो. महिनाभर!

ऐक, आता ऐक — इथं. फुटला ना आवाज? आणि ती थांबत नाही. पुन्हा गाता आलं असतं की तिला, कोण अडवत होतं? तसाच ठेवला, सगळ्या जगाला ऐकू दिला, आणि पुढं गात गेली. ते ऐकलं, उठलो, स्वयंपाकघरात जाऊन तुझ्या सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. तर ही म्हणते, ठाऊक आहे मला, रोज डब्याला गवत चिकटलेलं असतं!... नवऱ्याला सांगू नकोस हं, त्याला नाही माहीत. मी तरी कशाला बोलत बसलो. आण ते खोकं.

बेल. आला बघ, वेळेआधीच. थांब, मी उघडतो — गुडघा — अगं, तू कुठं निघालीस?

...

काय म्हणालीस त्याला? ‘आमच्याकडे काही द्यायचं नाहीये’? आणि दारही लावलंस? तीन जिने चढून आला असेल बिचारा! नाही, पण मी बोलावलं होतं त्याला, मी शब्द दिला होता, तू अशी परस्पर... मग तुझं टेबल?

हां. म्हणजे खोकी खिडकीखाली सरकवली तर या भिंतीला चार फूट सुटतात. वर दोन इंच. मोजलेत मी. कधी म्हणजे? परवा. असंच मोजले, हातात मोजायची टेप होती म्हणून. हसू नकोस. आणि गप्प बस आता, दुसरी बाजू लावतोय.